तेल आणि पाण्याच्या मधला स्राव

समुद्रात सांडलेले कच्चे तेल पाण्यात मिसळत नाही. त्याचा तवंग लाटांवर पसरतो आणि किनाऱ्याला लागला की खडकांना, वाळूला चिकटून बसतो. या तेलावर जगणारे जीवाणू समुद्रात मुळातच असतात. परंतु ते पाण्यात राहतात आणि त्यांचे अन्न पाण्यापासून फटकून असते. त्यांच्यापैकी काहींनी यावर उपाय शोधलेला आहे. ते पेशीबाहेर असा पदार्थ सोडतात, की ज्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढ घेते. त्यामुळे तवंग फुटून त्याचे सूक्ष्म थेंब होतात आणि जीवाणूंना तेलाला भिडण्यासाठी कितीतरी अधिक पृष्ठभाग मिळतो.

या पदार्थांना जैवपृष्ठसक्रियक म्हणतात. बॅसिलस सबटिलिस या जीवाणूचे सर्फॅक्टिन अत्यल्प प्रमाणातही पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाची आकसून राहण्याची ओढ, ७२ वरून सुमारे २७ मिलिन्यूटन प्रतिमीटरपर्यंत खाली आणते.

हे काम साबणही करतो, मग जीवाणूंकडे कशाला जायचे? १९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज फुटले, तेव्हा तेल हटवण्यासाठी सुमारे दहा हजार टन डिटर्जंट वापरले गेले आणि किनाऱ्यावरील जीवसृष्टीची त्यानेच तेलापेक्षा अधिक हानी केली. जीवाणूंचे स्राव सहसा कमी विषारी असतात आणि निसर्गात लवकर विघटित होतात. अर्थात, जीवाणूजन्य म्हणजे निरुपद्रवी असे समजणे भाबडेपणाचे ठरेल: ऱ्हॅम्नोलिपिड हा बहुचर्चित स्राव देणारा स्युडोमोनास एरुजिनोसा माणसात गंभीर संसर्गही घडवतो. म्हणून जिवंत जीवाणू न सोडता, शुद्ध केलेला स्राव वापरण्याकडे कल असतो.

या स्रावांचा उपयोग तेलापुरताच नाही. ऱ्हॅम्नोलिपिडवरील ऋणभारामुळे मातीतील कॅडमियम, शिसे यांसारख्या धातूंचे धनभारित आयन त्याला बांधले जातात आणि मातीतून धुऊन काढता येतात. मात्र तेलाप्रमाणे धातूंचे विघटन होत नाही; ते केवळ मातीतून पाण्यात येतात आणि त्या पाण्याची वेगळी विल्हेवाट लावावीच लागते.

खरी अडचण हे स्राव तयार करण्याच्या खर्चाची आहे. पृष्ठताण घटवण्याचा त्यांचा जो गुण समुद्रात उपयोगी पडतो, तोच उत्पादनाच्या टाकीत त्रासदायक ठरतो, कारण जीवाणूंना हवा पुरवताच फेस उसळतो आणि टाकीबाहेर येऊ लागतो. काही संशोधकांनी हा फेस दाबण्याऐवजी नळीवाटे वेगळ्या भांड्यात गोळा केला. सर्फॅक्टिन त्या फेसातच सर्वाधिक एकवटलेले असते.