सफ मोडल्यानंतर

श्रोतेहो, नमस्कार आणि अस्सलामु अलैकुम.

ईदच्या सकाळी आपल्या नाशिकच्या शहाजहानी ईदगाह मैदानावर नमाजाच्या सफा, म्हणजे रांगा, लागतात. दूध बाजारातला हमाल आणि गंगापूर रोडचा डॉक्टर खांद्याला खांदा लावून उभे असतात. समतेचा विषय निघाला की आम्ही मुसलमान आधी हेच उदाहरण देतो, आणि ते खरंच आहे. हबशी माणसं गुलाम म्हणून विकली जायची त्या काळात पैगंबरांनी अजान द्यायला उभं केलं ते गुलामीतून सुटलेल्या हबशी बिलाल यांना. पण सफ थोड्या वेळात मोडते. त्यानंतर आपापल्या घरात काय होतं, त्याबद्दल मला आज बोलायचंय.

जुन्या नाशकात माझ्या आजीच्या माहेरचा वाडा होता. वडील गेल्यावर भावांनी हक्कसोडपत्र पुढं केलं. "आपा, तुझं लग्नात झालंच की सगळं." आजीनं अंगठा उठवला. शाई पुसायला भावानंच रुमाल दिला, हे ती शेवटपर्यंत सांगायची.

हे फक्त आमच्यातच होतं असं नाही. 2005 साली हिंदू वारसा कायद्यात बदल होऊन मुलींना बरोबरीचा हक्क मिळाला, तरी बहिणींच्या सह्या घेणं कुठं थांबलंय? पण आमच्या घरात कुरआन रोज वाचला जातो, म्हणून मला जास्त लागतं. त्यातल्या सूरह निसाची, म्हणजे निसा या अध्यायाची, सातवी आयत (वचन) सांगते की आईवडील जे मागे ठेवतात त्यात पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही, मग ते थोडं असो की जास्त. त्याच सूरहची 135वी आयत म्हणते, न्यायावर ठाम राहा. साक्ष स्वतःविरुद्ध, आईबापाविरुद्ध, नातलगांविरुद्ध गेली तरी चालेल.

आता तुम्ही विचाराल, याच कुरआनात मुलीला मुलाच्या निम्माच वाटा, ही कसली समता? प्रश्न रास्त आहे. घर चालवायची जबाबदारी पुरुषावर असते, असं उत्तर दिलं जातं. आज बायकाही घर चालवतात, तेव्हा मला ते पुरेसं वाटत नाही. यावर जरूर वाद घालू. पण आधी तो निम्मा तरी दिला का?

आणि बरोबरीनं द्यायची वाट आहे. एका बापानं एकाच मुलाला बक्षीस देऊन पैगंबरांना साक्षीला बोलावलं. त्यांनी नकार दिला, म्हणाले, अल्लाहची भीती बाळगा, आपल्या मुलांमध्ये न्याय करा. हयातीतल्या अशा देण्याला हिबा म्हणतात, आणि ताबा दिल्याशिवाय तो पुरा होत नाही.

माझ्या अब्बांनी तेच केलं. आम्हा तिघा भावंडांना समोर बसवून तीन किल्ल्या दिल्या. मोठा भाऊ म्हणाला, "हिला लग्नात दिलं होतं ना?"

अब्बा म्हणाले, "दिलं होतं. तुझ्याही लग्नात दिलं होतं."