रियाजाची वेळ, गोळीची वेळ

शुभार्थी (मानसिक आजार असलेले) आणि शुभंकर (त्यांची काळजी घेणारे) मित्रांनो,

संगीताने बायपोलर, म्हणजे मन कधी टोकाला चढतं तर कधी पार खचतं तो आजार, बरा होतो का? अशा प्रत्येक कार्यक्रमात हा प्रश्न येतो, म्हणून तो आधीच घेते. नाही होत. अमुक राग ऐका, गोळ्या सुटतील, असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतात. त्यांच्या भरवशावर कृपा करून कुणी लिथियम बंद करू नका. १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी मॅनियावरचा, म्हणजे मन बेभान चढतं त्या अवस्थेवरचा, त्याचा गुण जगापुढे मांडला आणि आजही ते या आजारातल्या सर्वांत भरवशाच्या औषधांपैकी एक आहे. एकाएकी सोडलं तर आजार उलटण्याचा धोका मोठा. मी पेटी वाजवते, संगीतावर माझा जीव आहे, म्हणूनच हे ठासून सांगते.

मला स्वतःला बायपोलर आहे. मग गाण्याने मला काय दिलं? 'लो'च्या दिवसांत सुरुवातीला काहीच देत नाही. लोक प्रेमाने सांगतात, "छान भजनं लाव, मन रमेल." पण मन रमणंच तर बंद झालेलं असतं. आवडती बंदिश लावावी आणि आत काहीच हलू नये, याचा त्रास फार होतो. त्या दिवसांत मी गाणं लावतच नाही. फक्त तानपुरा. उशाशी फोनवर, अगदी बारीक आवाजात, प-सा-सा-सा. त्याला शब्द नाहीत, कुठे पोचायची घाई नाही, माझ्याकडून दादही नको असते. तसंच पडून राहायचं. कधीतरी ओठ मिटूनच खर्जातला सा लागतो. अंघोळ झालेली नसते, फोन उचलवत नाही, पण एक सा लागला की आज आपण अगदीच हरवलो नव्हतो, एवढं कळतं.

चढत्या काळाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. मॅनिया येऊ लागला की संगीत विलक्षण सुंदर ऐकू येतं. प्रत्येक हरकत आपल्यालाच उद्देशून, प्रत्येक तानेत काहीतरी गुपित. रात्री दोनला पेटी काढावीशी वाटते. झोप गेली की मॅनिया आणखी भडकतो, आणि तेव्हा हेच संगीत आगीत तेल ओततं. म्हणून रात्री दहानंतर माझ्याकडे गाणं नाही. सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे तो दुपारपासून भरू लागला तेव्हा रसिक हळहळले. मला मात्र त्यामुळेच तिथे बसता येतं.

रॉबर्ट शुमान या जर्मन संगीतकाराचं नाव या विषयात हमखास निघतं. १८४० या एका वर्षात त्यांनी शंभरावर गीतं रचली. १८५४ मध्ये ऱ्हाइन नदीत उडी घेतली, वाचले, आणि १८५६ मध्ये मनोरुग्णालयातच वारले. त्यांना नेमकं काय होतं यावर अजून वाद आहे. पण आजारानेच ती गीतं दिली असं कुणी म्हणालं की मला राग येतो. १८४४ मध्ये ते खचले तेव्हा त्यांच्या हातून फारसं काही उतरलं नाही, ते कुणी मोजत नाही.

मला खरा उपयोग झाला तो रियाजाच्या वेळेचा. सकाळी सातला पेटीसमोर बसायचं, म्हणजे सहाला उठायचं, म्हणजे रात्री दहाला गोळी घेऊन दिवा मालवायचा. उठणं, जेवण, माणसांत जाणं, झोप यांच्या वेळा बांधून घ्यायच्या, यावर बायपोलरसाठीची एक अख्खी उपचारपद्धत उभी आहे. 'हाय' असो, 'लो' असो, अलंकार तेच. बोटं चालत नसली तर नुसता भाता हलवते, पण बसते.

औषधांचं आणि गाण्याचं कधी कधी पटत नाही, हेही लपवू नये. लिथियमने काहींच्या बोटांना बारीक कंप येतो, द्रुत तान अडखळते. कार्बामाझेपिन हे या आजारातलं दुसरं एक औषध घेणाऱ्या काहींना सूर साधारण अर्ध्या स्वराने उतरलेला ऐकू येतो. काळी एकची पेटी पांढरी एक वाटते. आपला कान गेला असं वाटून माणूस घाबरतो. औषध थांबवलं की हे सहसा पूर्ववत होतं, पण ते थांबवायचं डॉक्टरांनी. त्यांना पहिल्याच भेटीत सांगा, मी गाते, मी वाजवतो. मात्रा बदलता येते, कंपावरही उपाय असतो.

आता शुभंकरांसाठी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आपल्याला ॲडव्हान्स डिरेक्टिव्ह लिहून ठेवता येतं: आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आपल्या वतीने कोण बोलेल. माझ्या कागदावर वहिनीचं नाव आहे. शिवाय घरातल्या घरात आमचा आणखी एक करार आहे. दहानंतर माझ्या खोलीतून पेटी ऐकू आली तर ती दार वाजवणार, पेटी उचलून नेणार, आणि दुसरी रात्रही तशीच गेली तर मला न विचारता डॉक्टरांना फोन करणार. हे मी बरी असताना माझ्या हाताने लिहून दिलंय. तुमच्याही घरी असं लिहून घ्या, शुभार्थी बरा असताना, त्याच्या शेजारी बसून.