खरड छाटणीला निर्णय, गोडी छाटणीला चाचणी

(दृश्य: दिंडोरी तालुक्यातलं पॅकहाऊस. क्रेट उतरताहेत.)

फेब्रुवारीत नाशिकच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे निर्यातीची द्राक्षं निवडून भरण्याच्या जागी, नवं काही शिकायला कुणालाच सवड नसते. आलेला माल काही तासांत प्रीकूलिंगला, म्हणजे झटपट गार करायला, जायला हवा, मग 0 ते 1 अंशाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. अशा धांदलीत क्रेटच्या नोंदींचं नवं सॉफ्टवेअर सुरू केलं, तर माणसं दोन दिवसांत पुन्हा वही उघडतात. म्हणून शेतकरी उत्पादक कंपनीनं तंत्रज्ञानाचा आराखडा द्राक्षाच्या वर्षावर बेतावा. एप्रिलच्या खरड छाटणीला (काडी तयार करण्यासाठीची छाटणी) पाहणी आणि खरेदीचा निर्णय. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून (फळासाठीची छाटणी) जुन्या वहीबरोबर चाचणी. डिसेंबरनंतर एकही बदल नाही.

पाहणी करायची तर क्रेटच्या मागोमाग चाला. तीच नोंद किती जण लिहितात, कुठे चुकते, ते बघा. एकच प्लॉट तीन नावांनी सापडतो: सातबाऱ्यावर वडील, पासबुकावर मुलगा, पावतीवर नुसतं आडनाव. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, ग्रेपनेट यंत्रणा आहे. तिथे कीटकनाशकाच्या अंशाचा अहवाल नोंदणीकृत प्लॉटशी जोडलेला असतो. तेव्हा आपल्या यादीतही प्लॉटचा नोंदणी क्रमांकच मुख्य धरा. एका बागायतदाराचे दोन प्लॉट एकाच नावाखाली गेले, तर एकाचा अहवाल दुसऱ्याच्या मालाला लागतो. यादी साफ करण्याचं हे काम सगळ्यात किचकट, आणि कोटेशनमध्ये ते सहसा नसतंच.

(दृश्य: जवळून, क्रेटवरचं ओलं लेबल.)

कागदी लेबल, साधा गोंद. थंड खोलीतून बाहेर आलं की त्यावर पाणी धरतं, कडा सुटतात, बारकोड वाचला जात नाही. इथे शाईच्या रिबननं छापणारा प्रिंटर, प्लॅस्टिकचं लेबल आणि गारठ्यात टिकणारा गोंद हवा. आधी नमुने रात्रभर आत ठेवा, सकाळी बाहेर काढून स्कॅन करा, मगच रोल मागवा.

वीज गेल्यावर जनरेटर लागेपर्यंतच्या काही सेकंदांत नोंद अर्धवट राहते. संगणक, काटा आणि नेटवर्कचा स्विच, तिन्ही यूपीएसवर हवेत. शिवारात रेंज नसते, म्हणून ॲप ऑफलाइन चालणारं घ्या.

करार करताना दुसऱ्या वर्षापासूनची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा खर्च, लिहून घ्या. पुरवठादार सोडायची वेळ आली, तर सगळा डेटा एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये मिळेल, हे कलमही घाला. बॅकअप महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर उतरवा आणि मागच्या हंगामातल्या एखाद्या क्रेटचा थेट प्लॉटपर्यंत माग लागतो का, ते तपासा.