बतादच्या बांधावर

मंडळी, बतादला जायचं म्हणजे मनिलाहून रात्रभराची बस, बानावेपासून जीप आणि शेवटचा टप्पा पायी. बताद म्हणजे डोंगरउतारावरच्या भातखाचरांचं गाव, फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावरच्या इफुगाव प्रांतातलं. गंमत बघा, तिथल्या वीस पिसोच्या नोटेवर बानावेची खाचरं आहेत, पण १९९५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत इथली जी पाच ठिकाणं गेली त्यांत बानावेची ही खाचरं नाहीत. बताद आहे.

खिंडीतून पहिल्यांदा दरी दिसली तेव्हा आम्ही सगळे मोबाइल काढून खाचरांकडे वळलो. वाटाड्या गावातलाच शेतकरी. तो म्हणाला, "खाली काय बघताय, वर बघा." वर रान होतं. त्याला ते 'मुयोंग' म्हणतात. प्रत्येक घराण्याचं आपापलं, राखलेलं. लाकूडफाटा तिथून येतो, झऱ्याचं पाणीही तिथूनच. ते सगळ्यात वरच्या खाचरात उतरतं आणि सांडत सांडत तळापर्यंत जातं. रान तुटलं की खाचर वाळतं, भेगाळतं आणि पुढच्या पावसात बांध बसतो.

बतादचे बांध दगडी. चालायची वाट बांधाच्या माथ्यावरूनच, जेमतेम पाऊलभर. एका बाजूला गुडघाभर चिखल, दुसऱ्या बाजूला दोन पुरुष खोल. मध्येच वाटाड्या बोलता बोलता थांबला, उकिडवा बसला. दगडांच्या फटीतून करंगळीएवढी धार लागली होती. त्याने मूठभर चिखल उचलून फटीत दाबला, अंगठ्याने लिंपला, हात पाण्यात खळबळला आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. आमच्याकडे मुळशीत खेकडे बांध पोखरतात, तिथे मोठाली गांडुळं. माझे वडील नेमके असेच बसायचे.

ही खाचरं दोन हजार वर्षांची, असं सगळीकडे छापलेलं असतं. स्टीफन आकाबादो या पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननातून वेगळंच पुढे आलं: आधी डोंगरात अळकुड्यांची शेती, आणि भाताची खाचरं पसरली ती साधारण चारशे वर्षांपूर्वी, स्पॅनिश राज्यकर्ते खालच्या सखल भागात पोहोचल्यावर. ऐकून आमच्यातले काही जण हिरमुसले. मला तर चारशेच अधिक थक्क करतात. इतक्या थोड्या पिढ्यांत एवढा डोंगर रचला!

२००१ ते २०१२ ही ठिकाणं युनेस्कोच्या धोक्याच्या यादीत होती. माणसं शहरात गेली, हे मोठं कारण. तिथे चांगलं शेत परंपरेने थोरल्याकडे जातं, धाकट्यांना वाट धरावीच लागते. 'तिनावोन' हे तिथलं भात वर्षातून एकदाच येतं. त्यात घर कितीसं चालणार? पर्यटकांना फिरवून रोख पैसा मिळतो. पण तो हंगाम नेमका शेतीच्या कामावर आला की बांधाकडे बघायचं कोणी?

परतीच्या सकाळी वाटाड्याऐवजी त्याचा भाचा आला. मामा कुठे, म्हणून विचारलं. रात्री पाऊस झाला होता. मामा पहाटेच दगड घेऊन खाली उतरला होता.