अजानवृक्षाची मुळी

मंडळी, आळंदीला माउलींचं दर्शन घेऊन बाहेर आलात की अजानवृक्षापाशी टेकता ना? तिथे ज्ञानेश्वरी उघडून बसलेली माणसं कायम दिसतात. एकदा एक आजी वाचत होत्या. ओवी संपली की ओळीवर बोट तसंच ठेवून वर फांद्यांकडे बघायच्या, मग पुढची ओवी.

आज बोलायचंय ते या झाडाच्या एका मुळीबद्दल.

माउलींनी शके 1218 मध्ये, म्हणजे इ.स. 1296 साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली. पुढे तीनशे वर्षं होत आली असताना पैठणच्या नाथमहाराजांना स्वप्न पडलं. माउली सांगत होते, अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, लवकर आळंदीला येऊन काढ. नाथांच्या अभंगातच हे आहे. ते आले, नदीत त्यांना द्वार दिसलं, भेट झाली.

कंठाला लागली! मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. आत कुणीतरी बसलेलं आहे आणि त्याला रुततंय. संजीवन समाधी म्हणजे काय, हे यापेक्षा जवळून कुणी सांगितलेलं मला माहीत नाही.

झाडाच्या बाजूनंही बघा. हा वृक्ष भोकराच्या कुळातला. शास्त्रीय नाव एहरेशिया लेव्हिस, मराठीत दातरंगही म्हणतात. थंडी सरताना फांद्यांवर बारीक पांढऱ्या फुलांचे घोस येतात. कुठल्याही झाडाची मुळी ओल आणि मोकळी माती मिळेल तिकडे वाढते. दगडी बांधकामाच्या सांध्यात ती दोऱ्याएवढी शिरते, मग वर्षागणिक जाड होत जाते आणि चिरा हलवते. शेजारी इंद्रायणी आहे. म्हणजे स्वप्नातली ती मुळी झाडाच्या स्वभावाला धरूनच आहे.

शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकला होता होता पाठ बिघडले होते. त्यांनी ते निवडून काढले आणि शेवटी बजावलं, या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. मला ही दोन्ही कामं एकच वाटतात. जे गळ्याशी आलं होतं तेवढंच त्यांनी काढलं. ग्रंथावर स्वतःचं काही चढवलं नाही, आणि झाडही उभं राहू दिलं.

म्हणून एक कळकळीची विनंती. या झाडाची फांदी ओढून पान तोडू नका. बुंध्याशी फरशी, सिमेंट वाढलं की मुळांना हवा-पाणी मिळत नाही, तेही कुठे दिसलं तर बोला. पान हवंच असेल तर खाली पडलेलं उचला. माझ्या पोथीत बाराव्या अध्यायात असं एक आहे. वाळून तपकिरी झालंय, मधली शीर मात्र अजून बोटाला लागते.