पी हळद नि हो गोरी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू आहेत. पोत्यांच्या थप्प्या, हवेत पिवळी धूळ. व्यापारी पोत्यातलं एक हळकुंड उचलतो आणि मधोमध मोडतो. कट्‌कन मोडलं, आत गर्द केशरी निघालं, की माल पक्का वाळलेला. तो रंग यायला काय लागतं, ते शेतकऱ्याला विचारा.

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला बेणं लावायचं. आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळला की काढणी. मग शिजवणं, उन्हात वाळवणं, ढोलात घालून पॉलिश. तेव्हा कुठं पोतं यार्डात येतं. आणि घरोघरी म्हण कोणती? ‘पी हळद नि हो गोरी!’

काल जिमला लागलेला पोरगा आज आरशासमोर दंड फुगवून बघतो, तेव्हा आई हेच म्हणते. औषधाचा एक डोस घेऊन ‘ताप कसा उतरला नाही?’ म्हणणाऱ्यालाही हेच. ऐकणारा बाप्या असला तरी ‘गोरी’ बदलत नाही. पुष्कळदा म्हण नकारातच येते: ‘पी हळद नि हो गोरी, असं होत नसतं बाबा.’

‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ हिच्या जवळची वाटते, पण तो नवरा नुसताच वेळेआधी नटून बसलाय. हळद पिणाऱ्यानं निदान काहीतरी केलेलं असतं. फळ मात्र त्याला घोटासरशी हवंय. म्हणून नव्यानं कष्टाला लागलेल्या माणसाला ही म्हण टोमण्यासारखी मारू नये, समजुतीनं सांगावी, असं मला मनापासून वाटतं. तिच्यातली गोरेपणाची हाव मात्र खटकते.

कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद आणखी थांबायची. जमिनीखालच्या पेवांत ती वर्षानुवर्षं टिकायची. पेवाचं तोंड उघडलं तरी लगेच कुणी आत उतरत नसे. कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यायची, नाहीतर जिवाशी गाठ. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं निकामी झाली.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. साठवण आता गोदामांत आणि शीतगृहांत होते. दर पडलेला असला, की ज्याला परवडतं तो शेतकरी पोती तिथं ठेवतो आणि दर चढायची वाट बघतो. ज्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे, त्याला त्याच दिवशी विकावं लागतं.