शेकोटीचा धूर आणि झाडाची ऊब

(नाशिक येथे बागप्रेमींच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महाराज आणि बागप्रेमी मित्रहो,

निफाडचा पारा घसरला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचे छायाचित्र हमखास येते. त्या बातमीतला आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो, हे आपणांस सांगायला नको. परंतु तो आकडा हवेचा असतो, पानाचा नव्हे, आणि आजच्या विषयाची, म्हणजे थंडीपासून झाडे वाचवण्याची, गोम तिथेच आहे. तापमापक जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत सुरक्षित असतो. पान मात्र उघड्यावर असते आणि रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते. त्यामुळे आभाळ निरभ्र असून वारा पडलेला असेल, त्या रात्री ते भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात पारा शून्याच्या वर असतानाही गवतावरचे दव गोठते, ते याच कारणाने.

आमच्या सोसायटीच्या समितीला हे पटले असते, तर आमचा सोनचाफा वाचला असता. तिथे दरवर्षी थंडीत बागेतला सारा पाचोळा एका जागी लोटून, त्यावर पाणी शिंपडून पेटवतात. भरपूर धूर झाला की झाडांवर पांघरूण पडते, अशी समितीची श्रद्धा आहे. धुराचे कण इतके सूक्ष्म असतात की जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेच्या लांब लहरी त्यांतून जवळजवळ अडथळ्याविना निघून जातात, हे मी सभेत सविस्तर सांगितले. त्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "आमच्याकडे द्राक्षबागेत पिढ्यानपिढ्या हेच करतात." त्यांचे म्हणणे निम्मे खरे होते. द्राक्षबागेत शेकोट्या पुष्कळ, लहान आणि बागभर विखुरलेल्या असतात. तिथे उपयोग होतो तो आचेचा आणि तिच्यामुळे हवा थोडी ढवळली जाते त्याचा. एकच मोठा जाळ केला तर त्याची ऊब सरळ वर निघून जाते आणि तिच्या जागी आजूबाजूची गार हवा खेचली जाते. आमचा जाळ तर सोनचाफ्याच्या बुंध्याशीच होता. सकाळी जाळाकडची पाने तपकिरी झालेली दिसली, तेव्हा इतिवृत्तात "थंडीमुळे झाड करपले" अशी नोंद झाली आणि पुढील वर्षी शेकोटी मोठी करावी, असा ठराव एकमताने संमत झाला. (मी त्या वेळी चहा घेत होतो, तेव्हा त्या एकमतात माझे मत कसे आले, हे सचिवांनाच ठाऊक.)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत आणि जाहीर केलेला विषय अजून बाकी आहे, म्हणून उपाय भरभर सांगतो.

पहिला उपाय पाण्याचा. ओली माती दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती सावकाश सोडते. कोरडी, नुकतीच भुसभुशीत केलेली माती हे काम नीट करत नाही. विहिरीचे पाणी पहाटे हवेपेक्षा कोमट असते, म्हणून द्राक्षवाले रात्री-पहाटे बागेला पाणी देतात. विजेच्या ज्या रात्रपाळीला शेतकरी एरवी शिव्या देतो, ती तेवढ्यापुरती त्याच्या कामी येते. कुंडीतल्या अडेनियमला, म्हणजे फुगीर बुंध्याच्या त्या वाळवंटी झाडाला, मात्र हा नियम लावू नका. त्याची पाने गळू लागली की पाणी कमी करावे, नाहीतर बुंधा सडतो.

दुसरा आच्छादनाचा. शाल पांघरल्यावर माणसाला ऊब येते ती त्याच्या स्वतःच्या शरीराची. झाडाकडे अशी उष्णता जवळजवळ नसते. त्यामुळे शेंड्याला गोणपाट गुंडाळून बुंध्याशी सुतळीने आवळणे व्यर्थ आहे. कापड काठ्यांवर ताणून जमिनीपर्यंत सोडावे, म्हणजे मातीची ऊब आत कोंडली जाते. प्लास्टिक वापरलेच तर ते पानाला टेकू देऊ नये, आणि ऊन आल्यावर सारे काढावे. केळी असल्यास रावेर-यावलच्या बागाईतदारांप्रमाणे घड झाकावा आणि वाऱ्याच्या बाजूला शेवरीचे कुंपण राखावे.

शेवटचे खताविषयी. ऐन थंडीत युरिया देऊन कोवळी फूट आणू नये. करपलेले शेंडे विद्रूप दिसले तरी फेब्रुवारी सरेपर्यंत कापू नयेत, कारण कापल्याबरोबर खालचे डोळे फुटतात आणि ती नवी पालवी पुढच्या गार रात्रीत सापडते.